जन्मगाव : वरीलप्रमाणे

मंगळवारी सकाळी समोरच्या ब्लॉकमधल्या बायकांनी एकाएकी बांबू आत ओढायला सुरुवात केली. सिंगापूरच्या आमच्या हौगांगला खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात, आणि एकदा घातले की दुपारपर्यंत कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पाऊस आला असेल म्हणून मी वर पाहिलं, तर वर आभाळच नव्हतं. मळकट पिवळा पडदा सोडल्यासारखं काहीतरी होतं आणि त्यामागे सूर्य, आरशाला चिकटवून विसरलेल्या लाल टिकलीसारखा. मग वास आला. ओला पालापाचोळा कोणीतरी बळेच पेटवल्याचा वास.

"हेझ," माझी बायको मुग्धा खिडकी लावता लावता म्हणाली. "घे. तुझा ऋतू आला."

सिंगापूरला ऋतूच नाहीत, ही इथल्या प्रत्येक मराठी माणसाची आवडती तक्रार. ती खोटी आहे. एक ऋतू आहे. शेजारच्या बेटांवर दलदलीची जमीन पेटते, आठवडेच्या आठवडे आतल्या आत धुमसते, आणि वारा फिरला की तो सगळा धूर समुद्र ओलांडून आमच्याकडे मुक्कामाला येतो. दर वर्षी येतोच असं नाही. पण आला की लोक क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा फोनवर हवेचा आकडा बघतात, खिडक्या लावतात आणि आपापल्या घरात स्वतःबरोबर अडकून पडतात. धुराचं मला विशेष काही नाही. स्वतःबरोबर अडकण्याची धास्ती आहे. एकदा अडकलो होतो.

चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसातून निरोप आला, आज घरूनच काम करा. तिथे मी एका यंत्राला ग्राहकांची कोणती तक्रार कोणत्या गटात टाकायची ते शिकवतो. लॅपटॉप उघडला तर सगळ्यात वर एक अनोळखी मेल. दूरच्या एका विद्यापीठातल्या संशोधक बाईंची. तुम्ही पूर्वी ज्या तीन भाषांवर काम केलंत त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं मिळतील का? आणि सोबत बोलणाऱ्या माणसांचा तक्ता?

तक्ता हा शब्द वाचला आणि बंद खिडकीच्या आत मला घाम फुटला.

तेव्हा, म्हणजे शिकत असताना, मी क्लेमेंटीला राहायचो. विद्यापीठ बसने दहा मिनिटांवर. बाराव्या मजल्यावर आंटी आणि अंकल या चिनी जोडप्याच्या फ्लॅटमधली भाड्याची एक खोली. खोलीत पलंग, टेबल, आणि दारामागे आंटींनी स्वतःच्या हाताने लिहिलेला नियम : फक्त हलका स्वयंपाक. हलका म्हणजे काय यावर आमचा दोन वर्षं वाद चालला. माझ्या मते वरणाला फोडणी देणं हे श्वास घेण्याइतकं हलकं. आंटींच्या मते मोहरी तडतडली की तो जड स्वयंपाक.

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी होतो. विषय पापुअन भाषा. ऐकायला भारदस्त वाटतं, पण पापुअन म्हणजे एक कूळ नव्हे. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर शेकड्यांनी भाषा आहेत. त्यातलं एक मोठं, जगभर पसरलेलं घराणं बाजूला काढलं की जे उरतं ते पापुअन. सरकारी अर्जात शेवटी 'इतर' असा रकाना असतो ना, तसं. त्या 'इतर'मध्ये कोण कोणाचं नातेवाईक हे शोधण्यात लोकांची आयुष्यं जातात.

माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकेचं गेलं होतं. मी मनातल्या मनात त्यांना बाई म्हणायचो, अजूनही तेच येतं तोंडात. एका नदीकाठच्या तीन गावांच्या तीन भाषा मिळून एक छोटंसं कूळ होतं असं बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी सुचवलं होतं. गावांची खरी नावं मी सांगत नाही. माझ्यामुळे त्यांची एकदा शोभा झाली ती पुरे. वरचं गाव, मधलं गाव आणि खालचं गाव, एवढंच. विद्वानांनी ते कूळ नाकारलं नाही आणि स्वीकारलंही नाही. प्रत्येक संदर्भग्रंथात त्याच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह, आणि कंसात 'प्रस्तावित'. आमच्या पुण्यात 'प्रस्तावित उद्यान' असा पत्रा एखाद्या मोकळ्या प्लॉटवर चाळीस वर्षं गंजत उभा असतो. तसाच.

बाई त्या वर्षअखेर निवृत्त होणार होत्या. त्या आधी ते प्रश्नचिन्ह पुसायचं, हे माझं काम. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. पण निरोपाच्या व्याख्यानाला त्यांनी त्या कुळाचंच नाव दिलं होतं, प्रश्नचिन्ह न लावता.

आणि मी ते पुसलं होतं! तिन्ही गावांत फिरून दोनशे दोनशे शब्दांच्या याद्या आणल्या होत्या. हात, पाय, पाणी, विस्तव, ऊ. हो, ऊसुद्धा. राजा आणि देव बदलतात पण डोक्यातली ऊ पिढ्यान्पिढ्या तीच राहते, म्हणून आम्हा लोकांना तिचं फार प्रेम. वरच्या गावाचं मधल्याशी थोडंफार जुळत होतं. पण मधल्याचं आणि खालच्याचं, विचारूच नका. पान उलटावं तर शब्द जुळलेला. मी बाईंना यादी दाखवली तेव्हा त्या बराच वेळ चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे फारच चांगलं आहे." मी ती शाबासकी समजलो आणि येताना कॅन्टीनमध्ये दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. शिष्यवृत्ती आणि इथे राहायचा स्टुडंट पास दोन्ही त्याच महिन्यात संपत होते. तिकडे अमरावतीला मुग्धाशी लग्न ठरलेलं, आणि तिच्या घरच्यांनी मुहूर्त माझ्या प्रबंधाच्या मागे लावून ठेवलेला. अशा वेळी धूर आला.

पहिल्या दिवशी मजा वाटली. समोरचे ब्लॉक एकेक करून पुसले गेले. आधी लांबचे, मग मधले, मग फक्त कोपऱ्यावरचा ब्लॉक नंबरचा लाल आकडा हवेत तरंगताना दिसायचा. कोकिळा मात्र ओरडतच होती. इथली कोकिळा बाराही महिने ओरडते, तिला कोणी काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरले. तिसऱ्या दिवशी विद्यापीठाने घरीच बसा म्हणून कळवलं आणि आंटींनी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. चौथ्या दिवशी मी असा हिशेब केला की एवढ्या धुरात एका फोडणीचा धूर कोणाला कळणार. मोहरी टाकली. हिंग टाकला. दोन मिरच्या टाकल्या. बंद घरात त्या मिरच्यांनी जे केलं ते त्या शेजारच्या अख्ख्या बेटाला जमलं नव्हतं. अंकल खोकत खोकत बाहेर आले आणि मागून आंटी.

"बॉय! बाहेर हेझ, आत पण हेझ, आह? यू वॉन्ट टू किल मी, मग सरळ सांग लाह!"

त्यानंतर मी वरण फोडणीशिवाय खाल्लं आणि तोंड मिटून काम केलं.

त्या घरातली हवा आठवली की अजून छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं होतं. खोलीत वाळत घातलेले शर्ट वाळायचेच नाहीत, दमट आणि धुरकट एकदम. दिवस आणि संध्याकाळ यांत फरक नव्हता. दुपारी बाराला दिवा लावायचा. चार पावलं टेबलापासून दारापर्यंत, चार पावलं परत. मुग्धाचा फोन यायचा, "किती पानं झाली?" मी आकडा वाढवून सांगायचो.

सहाव्या दिवशी आंटी जेवणाच्या टेबलावर मास्कची खोकी उघडून मोजत बसल्या होत्या. मोठ्याने मोजत होत्या. मी पाणी घ्यायला गेलो आणि थबकलो. आंटी-अंकल घरात हॉक्किएन ही चिनी बोली बोलतात, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखून पुण्याला फोन करून सांगितलं होतं. हॉक्किएन आकडे मला पाठ होते. आंटी मोजत होत्या ते हॉक्किएन नव्हतं.

"आंटी, हे कोणत्या भाषेत मोजताय?"

"हाक्का."

"पण तुम्ही तर हॉक्किएन."

"अंकल हॉक्किएन. मी हाक्का. लग्न करून आले ना इथे." त्यांनी मास्कचा गठ्ठा आपटून सारखा केला. "बोलायला त्यांची, मोजायला माझ्या आईची. दोन वर्षं माझ्या घरात राहतोस, भाषेचा डॉक्टर होणार म्हणतोस. कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस लाह," त्या परत म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या, कारण माझ्यामुळे आकडा चुकला होता.

मी पाण्याचा ग्लास तसाच घेऊन खोलीत आलो. तक्ता उघडला. नाव, वय, गाव, जन्मगाव. खालच्या गावात मी दोनच माणसांकडून शब्द घेतले होते, कारण तिथे दोनच दिवस मिळाले. बाकी सगळे माशांवर गेलेले. पहिला एक म्हातारा. त्याने वीस शब्द सांगितले आणि तो झोपला. उरलेली सगळी यादी रोझा नावाच्या बाईने दिली. ती पाहुण्यांच्या झोपडीशेजारीच सागोचं, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचं, पीठ धूत बसलेली असायची. हसरी, सावकाश बोलणारी, एकेक शब्द तीनतीनदा सांगणारी. तिच्या ओळीत जन्मगाव : खालचं गाव.

हे मी तिला विचारल्याचं मला आठवेना. कारण मी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्याचं जन्मगाव लिहिलं, मग त्या चौकटीच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन पकडला आणि खाली ओढला. एक्सेलने विनातक्रार तिचा जन्म खालच्या गावात करून टाकला. आमच्या वडिलांची सगळी हयात सरकारी कचेरीत गेली. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे असं लिहीत ते निवृत्त झाले. मला वाटायचं त्यांचं काहीच माझ्यात उतरलं नाही.

मग ते वीस शब्द काढले. म्हाताऱ्याचे. त्यातला एकही मधल्या गावाशी धड जुळत नव्हता. आणि त्यांच्यासमोर माझ्याच हातचा शेरा होता : 'दात नसल्यामुळे उच्चार सदोष.' अख्ख्या खालच्या गावात जो एकटा माणूस मला त्यांची भाषा सांगत होता, त्याला मी दात नाहीत म्हणून बाद केला होता.

तरी मनाने एक पळवाट काढली. रोझा खालच्याच गावची असेल. असू शकते ना? मी कामासाठी मुद्रणांची सुरुवात कापून टाकायचो, माइक लावण्याची खडखड नको म्हणून. न कापलेली जुन्या हार्ड डिस्कवर होती. ती जोडली, कानांवर हेडफोन चढवले. सागो धुण्याचा चुबुक चुबुक आवाज. कोंबडा. मग रोझाचा आवाज, तिकडच्या बाजाराच्या भाषेत, टोक पिसिनमध्ये, अगदी स्वच्छ :

"यू लाइकिम टोकप्लेस बिलोंग मी, ओ बिलोंग ओल?"

तुला माझी बोली हवी, की यांची?

आणि लगेच माझा आवाज : "येस, येस. गुड. व्हेरी गुड. कीप टॉकिंग."

टोक पिसिन मला चांगली येत होती हो. कळलं नाही अशातला भाग नाही. मी ऐकतच नव्हतो. माइकची बॅटरी बघत होतो. मुद्रणात पुढे थोडी शांतता आहे. मग ती हसते, आणि सांगायला लागते. तिच्या आईच्या घरचे, मधल्या गावचे, एकशेऐंशी शब्द.

मी तो तुकडा किती वेळा ऐकला ते सांगत नाही. हेडफोन काढले की खोलीचं दार, ओले टॉवेल, आणि काचेला टेकलेला पिवळा धूर. जायला जागाच नव्हती. पुढचे दोन दिवस मी त्या चार पावलांत जे काही विचार केले ते छापण्यालायक नाहीत, पण थोडे सांगतो. हे कोणाला कळणार होतं? मला, रोझाला आणि एका हार्ड डिस्कला. डिस्क खाली पडू शकते. रोझा भाषाशास्त्राची नियतकालिकं वाचत नाही. बाई समाधानाने निवृत्त होतील, मला पदवी मिळेल, मुग्धाच्या वडिलांना मुहूर्त मिळेल. म्हातारा तेवढा खटकत होता. तर मी त्या शेऱ्यात 'दात नसल्यामुळे' च्या जागी 'वयोमानानुसार' असं केलं, थोडं शास्त्रीय वाटावं म्हणून. दहा मिनिटांनी परत दात घातले. म्हणजे, काढले.

तिसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन आला. "किती पानं?" तिने विचारलं आणि माझ्या तोंडून आकड्याऐवजी सगळीच गोष्ट बाहेर पडली. सगळं ऐकून ती शेवटी म्हणाली, "म्हणजे त्या भाषा बहिणी नाहीतच. विहिणी आहेत."

"मुग्धा, माझी वाट लागलीय."

"ते वेगळं. मी भाषांबद्दल बोलतेय." मग जरा थांबून, "काहून रे, तुले कोण्या बाईले एवढंबी विचारता येत नाही का, माहेर कोणतं म्हणून? आमच्याकडे तर पाणी द्यायच्या आधी विचारतात." रागावली की ती आपल्या वऱ्हाडीवर येते. ठरल्यापासूनच्या वर्षभरात तिने माझ्याशी ती बोली बोलल्याची ती पहिली वेळ. मी नोंद घेतली. नोंद घ्यायला मी कधीच चुकत नाही. विचारायला चुकतो.

"तुझ्या बाबांना काय सांगू?"

"मी सांगते बाबांना. तू तुझ्या बाईंना सांग."

बाईंची खोली विद्यापीठाच्या एका लांब मार्गिकेच्या टोकाला होती; विद्यापीठ बंद असलं तरी बाई तिथे येत होत्या. आम्ही दोघं मास्क लावून समोरासमोर बसलो. मास्क असला की कबुली सोपी जाते, निम्मा चेहरा झाकलेला असतो. मी म्हाताऱ्यापासून सुरुवात केली, मग चौकोन ओढला ते, मग मुद्रण ऐकवलं. माझं "येस, येस" त्या खोलीत फार मोठ्याने वाजलं.

बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मग त्या उठल्या, कपाटाच्या तळातून एक जुनी वही काढली. पावसाने फुगलेली, कडा मातकट. पानं उलटत खालच्या गावापाशी थांबल्या. चाळीस वर्षांपूर्वीचे शब्द, बाईंच्या बारीक अक्षरात.

"माझ्या वेळी तक्ताच नव्हता," त्या म्हणाल्या. "पण माणूस आठवतं. नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. सासरी कोणी तिच्याशी फारसं बोलत नसे. दिवसभर माझ्याजवळ येऊन बसायची. विचारलं नाही तरी शब्द सांगायची. मला वाटलं, हिला भाषाशास्त्राची आवड आहे."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

"त्या नदीवर मधल्या गावच्या मुली खाली देतात. हे मला माहीत होतं. त्यावर मी एक लेखही लिहिलाय." मास्कच्या वर त्यांचे डोळे दिसत होते, आणि ते हसत होते की काय ते मला आजही ठरवता आलेलं नाही. "दुसऱ्या नियतकालिकात."

"व्याख्यानाचं काय करायचं?" मी विचारलं.

"देणार ना. पाट्या लागल्यात." त्यांनी टेबलावरचं आमंत्रण ओढलं आणि त्या कुळाच्या नावापुढे पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलं. जपून, वळण देऊन. "याची सवय आहे मला. पुसलं असतंस तर चुकल्यासारखं झालं असतं." ते काही खरं नव्हतं.

व्याख्यानात बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःची वही आधी आणि माझा तक्ता नंतर. चूक आमच्या दोघांची म्हणाल्या, खरं तर माझी होती. त्यांच्याकडे निदान रकाना नव्हता. मला काही महिन्यांची मुदत मिळाली, शिष्यवृत्तीशिवाय. लग्नाचा मुहूर्त दोनदा पुढे गेला. पदवी मिळाली ती 'सिद्ध होत नाही' असा निष्कर्ष काढून, आणि कूळ न सापडलेल्या माणसाला नोकरी देणारं विद्यापीठ मला काही सापडलं नाही. म्हणून तक्रारींचे गट पाडतो. धूर त्या वर्षी एका सकाळी न सांगता निघून गेला. खिडकी उघडली तर समोरचे ब्लॉक जिथल्या तिथे होते, आणि आंटी माझ्या दारात उभ्या : "बॉय, आज खिडकी उघडी. कुक लाह. पटकन." त्या दिवशी अंकलनी फोडणीचं वरण दोनदा मागून घेतलं.

मंगळवारची दुपार. डिस्क अजून चालते. मी मेलला जोडायच्या आधी ते मुद्रण लावलं, या वेळी हेडफोनशिवाय. मुग्धा दारात येऊन उभी राहिली. रोझाचा प्रश्न झाला, माझं "येस, येस" झालं.

"अजूनही असंच करतोस," ती म्हणाली. "आत्ता मी काय विचारलं तुला, दोनदा?"

"काय?"

"बघ."

तिने पोहे केलेत, इथेच देऊ की बाहेर येतोस, असं विचारलं होतं. मी म्हटलं, येतो, पाच मिनिटं. मग डिस्कवरचा तोच जुना तक्ता उघडला. खालच्या गावच्या दोन ओळी. म्हाताऱ्याच्या दातांचा शेरा काढून टाकला. रोझाच्या जन्मगावाची चौकट रिकामी केली आणि मधल्या गावाचं नाव एकेक अक्षर हाताने टाइप केलं. शेवटी 'संकलकाचा शेरा' असा एक रकाना असतो. रोझाच्या ओळीत तो इतकी वर्षं कोराच होता. त्यात लिहिलं : 'तिने विचारलं होतं.'

आणि पोहे गार व्हायच्या आत बाहेर गेलो.